पायांची आग आणि उभे राहताच येणारी भोवळ

‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले, तर मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. त्यामुळे रात्री तळपायांची आग होणे, मुंग्या येणे, पांघरुणाचा स्पर्शही न सोसणे या तक्रारी पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकू याव्यात, यात नवल नाही. या वेदनेचे मूळ मज्जातंतूंच्या इजेत असते, हे बहुतेक रुग्णांना माहीत असते; मात्र हीच इजा हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही बिघडवू शकते, याकडे फारसे लक्ष जात नाही.

वेदना वाहून नेणारे अतिसूक्ष्म तंतू आणि रक्तवाहिन्या व घामाच्या ग्रंथींपर्यंत आज्ञा पोहोचवणारे स्वायत्त मज्जासंस्थेचे (आपल्या नकळत शरीराची कामे चालवणाऱ्या यंत्रणेचे) अखेरच्या टप्प्यातील तंतू यांची घडण सारखीच असते. दोहोंवर मायलिनचे, म्हणजे जाड तंतूंभोवती असणारे स्निग्ध, वेष्टन नसते. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पहिल्यांना इजा केली असेल, तर दुसरे सुटतीलच याची खात्री नसते. मज्जातंतूंची नेहमीची वहन चाचणी केवळ जाड तंतूंची परीक्षा घेते, म्हणून अहवाल निर्दोष येऊनही पाय जळत राहू शकतात. अशा रुग्णाला ‘हे सारे मनाचे आहे’ असे सांगून परत पाठवणे अन्यायाचे आहे.

आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. मानेतील आणि महाधमनीतील दाबसंवेदक हा बदल टिपतात, मेंदू रक्तवाहिन्यांना आकुंचित होण्याची आज्ञा देतो, ठोके किंचित वाढतात, आणि आपल्याला काही जाणवतही नाही. ही आज्ञा नेणारे तंतू निकामी झाले, तर उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी, वा त्याहून अधिक, उतरतो. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, मान आणि खांदे दुखतात, तोल जातो. एप्रिल-मेचा दमट उकाडा, हुमण-भाताचे भरपेट जेवण, मद्य किंवा चतुर्थीच्या लांबलेल्या आरतीत गर्दीत उभे राहणे यांनी हा त्रास बळावतो. ठोक्यांना लगाम घालणारा लांबलचक व्हेगस मज्जातंतू मधुमेहात तुलनेने लवकर बाधित होतो. तेव्हा स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडीही शंभराच्या आसपास धावू लागते.

मज्जातंतूंच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे गुंता वाढतो. अमिट्रिप्टिलीनने नाडी वाढू शकते आणि उभे राहताना दाब उतरू शकतो. ड्युलॉक्सेटीनने काहींचा दाब वाढतो. प्रीगॅबालिनने पायांना सूज येऊ शकते, म्हणून हृदय कमजोर असल्यास ते जपून द्यावे लागते. दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मज्जातंतूंच्या वेदनेवर फारशा चालत नाहीत, उलट दाब वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. मात्र कोणतेही औषध स्वतःहून एकाएकी थांबवू नये.

सर्वांत फसवे रूप असे, की उभे असताना ज्याचा दाब कोसळतो, त्याचाच दाब रात्री आडवे पडल्यावर बराच चढलेला असू शकतो. केवळ बसून घेतलेल्या एका आकड्यावरून गोळी वाढवली, तर तोच माणूस पहाटे लघवीला उठताना पडतो. म्हणून पाच मिनिटे झोपवून, नंतर उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला दाब व नाडी दोन्ही मोजावीत. दाब ३० ने उतरूनही नाडी १५ नेसुद्धा वाढली नाही, तर दोष मज्जातंतूंत असण्याची शक्यता मोठी असते. बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी औषधे, घेणाऱ्यांच्या बाबतीत हा ताळा चुकू शकतो. आरोग्य केंद्रातही करता येणारी ही बिनखर्चाची तपासणी वगळली जाते, याला माझ्या मते घाईखेरीज दुसरे कारण नाही.

हृदयाची वेदना कळवणारे तंतूही बधिर झालेले असू शकतात. त्यामुळे दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तीला छातीत न दुखताही अचानक धाप लागली, थंड घाम फुटला किंवा विलक्षण थकवा आला, तर पित्ताचा त्रास समजून वाट न पाहता १०८ ला दूरध्वनी करावा.