पहिली लँग्वेज कुठली, हा प्रश्न आला कुठून

दहावीचा निकाल लागला की फोंड्याला जा, म्हापशाला जा नाहीतर डिचोलीला, पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, पोराला कोडिंग शिकायचंय तर सुरुवात कशापासून करू? पायथन घेऊ की सी, की थेट जावा, आणि शेजारचा सांगतो की आता सगळीकडे जावास्क्रिप्टच चालतं. मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या महिन्यातच पोरगं कंटाळलं तर ते सहसा परत वळत नाही. पण आजवर लोकांनी पहिली लँग्वेज, म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा, निवडली कशी हे बघायला गेलं तर कळतं की शिकणाऱ्याला निवड अशी जवळजवळ कधी मिळालीच नाही. समोर मशीन कुठलं आहे आणि सिलॅबस कोणी लिहिलाय, यावरच ती ठरत आली.

सुरुवातीला तर शिकणाऱ्याचा विचारच नव्हता. १९५७ साली आयबीएमने फोर्ट्रान आणली ती शास्त्रज्ञ-इंजिनिअर लोकांच्या गणितांसाठी, नंतर कोबोल आली ती ऑफिसच्या हिशेबासाठी. प्रोग्राम जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून पंच करायचा, गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि निकालाची वाट बघत बसायचं, एखादा कॉमा चुकला तर परत पहिल्यापासून. अशात नवख्या माणसाला आपली चूक कळणार कधी आणि तो सुधारणार कधी?

हे बदललं ते अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात. तिथले गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ, यांचं म्हणणं असं की कॉम्प्युटर फक्त सायन्सवाल्यांसाठी नको, इतिहास-साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही तो वापरता आला पाहिजे. त्यासाठी त्यांनी बेसिक तयार केली आणि १ मे १९६४ ला पहाटे तिचे पहिले प्रोग्राम चालले. नुसती लँग्वेजच नाही, एका मशीनवर एकाच वेळी बरेच जण बसतील अशी टाइम-शेअरिंगची सोयही त्यांनी केली, म्हणजे मुलगा टाइप करणार आणि उत्तर तिथल्या तिथे येणार. मला विचाराल तर नवशिक्यांसाठी झालेलं सगळ्यात मोठं काम हेच, लँग्वेज सोपी असणं हे त्याच्यानंतरचं.

बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर असायचा, १०, २०, ३० असे. दहा-दहाचं अंतर का, तर मध्ये एखादी ओळ राहिली तर १५ नंबर देऊन ती घुसवता यावी. आणि गोटू लिहिलं की प्रोग्राम सरळ त्या नंबरच्या ओळीवर उडी मारायचा. लहान प्रोग्रामला हे झकास, पण दोनशे ओळी झाल्या की कोण कुठून कुठे उडी मारतंय हे लिहिणाऱ्यालाही कळेनासं व्हायचं. म्हणूनच डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६८ साली गोटूवर कडक टीका केली आणि १९७५ मध्ये तर लिहिलं की आधी बेसिक शिकलेल्या मुलांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळजवळ अशक्य आहे. हे मला अजिबात पटत नाही, बेसिकवर सुरुवात करून पुढे उत्तम प्रोग्रामर झालेले कितीतरी लोक आहेत. पण पहिल्या लँग्वेजने सवयी लागतात ही धास्ती तिथून आली, ती अजून गेलेली नाही.

याच काळात झुरिकच्या निकलाउस विर्थने पास्कल आणली, १९७० ला, मुळातच शिकवण्यासाठी आणि शिस्त लागावी म्हणून. बरीच वर्षं जगभरच्या कॉलेजात तीच पहिली होती. त्याच्याही आधी, १९६७ ला, लहान मुलांसाठी लोगो आली होती, कमांड द्यायची आणि कासव चालत चालत चित्र काढतं.

आपल्याकडे १९८४ ला केंद्र सरकारने क्लास नावाचा प्रकल्प काढला आणि देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले. त्या मशीनमध्ये बेसिक आधीच भरलेली होती, चालू केलं की समोर तीच, त्यामुळे कुठली शिकायची हा प्रश्नच नाही. त्या वेळी गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती, गोवा विद्यापीठ १९८५ चं. पुढे गावोगाव खाजगी कॉम्प्युटर क्लास निघाले आणि नोकरी कशात आहे ते बघून कोबोल आणि डीबेस, फॉक्सप्रो ही माहितीच्या नोंदी ठेवायची सॉफ्टवेअरं शिकवायला लागले.

मग आली सी. ही डेनिस रिचीने १९७२ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत केली ती युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यासाठी, नवशिक्यासाठी मुळीच नाही. तरी आपल्याकडे इंजिनिअरिंग, डिप्लोमा, बीसीए सगळीकडे पहिली लँग्वेज तीच झाली, आणि त्याचं बरंचसं कारण बोरलँड कंपनीचं टर्बो सी, म्हणजे सी लिहून चालवायचं सॉफ्टवेअर. १९८७ चं हे सॉफ्टवेअर थोड्याशा फ्लॉपींत मावायचं, साध्या मशीनवर चालायचं, लिहायला आणि चालवायला एकच निळी स्क्रीन. एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये कॉपी होत होत ते देशभर पोचलं. ज्यांनी कॉलेजात सी केलंय त्यांना व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन आणि शेवटी गेटसीएच हे जर्नलमध्ये लिहून लिहून पाठ असेल. यातले शेवटचे दोन ज्या कोनिओ डॉट एच या फाइलमधून येतात ती सीच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या अधिकृत नियमांत, नाहीच, ती डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातल्या कंपायलरांची (कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करणारं सॉफ्टवेअर). टर्बो सी प्लस प्लस १९९० चं आणि सी प्लस प्लसचं पहिलं स्टँडर्ड आलं १९९८ ला, म्हणजे लॅबमध्ये पोरं जे शिकत होती ते स्टँडर्ड ठरायच्या आधीचं. चौसष्ट बिटचं विंडोज आल्यावर टर्बो सी थेट चालेना, तर लोकांनी डॉसबॉक्स, म्हणजे नव्या मशीनवर जुना डॉस उभा करणारं सॉफ्टवेअर, टाकून चालवलं पण सोडलं नाही! याचा मला खरंच राग येतो, कारण मार्क चांगले असलेली मुलगी नवीन कंपायलरवर तोच प्रोग्राम टाकते, पहिल्याच ओळीला एरर येतो आणि तिला वाटतं आपल्यालाच काही येत नाही.

पायथनची गोष्ट वेगळी. गिडो व्हॅन रॉसम अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत एबीसी नावाच्या लँग्वेजवर काम करायचा, ती नवख्या लोकांसाठीच केलेली होती, पण चालली नाही. तिच्यातलं चांगलं ते घेऊन त्याने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत पायथनला हात घातला आणि १९९१ ला ती बाहेर आली. म्हणजे पायथन आज नोकरीसाठी गाजत असली तरी तिचं मूळ नवशिक्यांमध्येच आहे. १९९९ ला त्याने सगळ्यांना प्रोग्रामिंग यावं म्हणून एक प्रस्तावही लिहिला होता. २०१४ च्या एका पाहणीत अमेरिकेतल्या आघाडीच्या ३९ कॉम्प्युटर विभागांपैकी २७ ठिकाणी सुरुवातीच्या कोर्सला पायथन आढळली. २०१८ नंतर सीबीएसईनेही अकरावी-बारावीला सी प्लस प्लसच्या जागी हळूहळू तीच आणली.

मराठी शाळेतून आलेल्या मुलांसाठी इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. २००८ ला आलेल्या पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायच्या डब्यांची, नावं देवनागरीत चालतात. एका ओळीत दर = 40, दुसरीत नारळ = 5, आणि तिसरीत प्रिंटच्या कंसात दर * नारळ लिहिलं की स्क्रीनवर 200 येतं. प्रिंट, इफ, फॉर हे शब्द इंग्रजीतच टाइप करावे लागतात, पण व्हेरिएबल म्हणजे काय हे स्वतःच्या भाषेत समजलं की पुढचं निम्मं भ्या जातं.

गोव्यात मशीन घरी पोचलं ते पर्रीकर मुख्यमंत्री असताना आलेल्या सायबरएज योजनेतून, अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळाले. आता केअर्स योजनेत सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावीपासूनच कोडिंग आणि रोबोटिक्स आलंय. २००७ ला एमआयटीने काढलेल्या स्क्रॅचसारख्या ठोकळे जोडायच्या लँग्वेजने सुरुवात केलेलं पोरगं पुढे पायथन घेईल आणि इंजिनिअरिंगला गेलं तर पहिल्या वर्षी बहुतेक सी समोर येईलच. आणि तिन्ही ठिकाणी त्याला एक ते दहाचा पाढा छापायचा लूप, म्हणजे तेच काम परत परत करून घेणारा तुकडा, लिहावा लागेल, म्हणून घरच्यांनी कुठली घेऊ असं विचारलं की मी पायथन सांगतो आणि तो लूप पोराकडून न बघता लिहून घ्या असं सांगतो.