मान, आरसा आणि धावपटू

२७ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत एमिल झाटोपेक आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावला आणि २ तास २३ मिनिटांत जिंकलाही. पाच आणि दहा हजार मीटरची सुवर्णपदकं आधीच खिशात होती. पण त्याला धावताना बघवत नसे. मान हेलकावे खातेय, खांदे कानाला टेकलेत, जीभ बाहेर, आणि चेहऱ्यावर पोटात कळ आल्याचे भाव. त्याच शर्यतीत कॅनडाचा पॉल कॉलिन्सही होता. पदकाच्या आसपासही तो नव्हता. पुढे मात्र तो अलेक्झांडर पद्धतीचा, म्हणजे मान आणि अंग ताणायच्या सवयी ओळखून त्या सोडायला शिकवणाऱ्या पद्धतीचा शिक्षक झाला. या पद्धतीचा धावण्याशी धागा जोडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत त्याचं नाव येतं.

गंमत म्हणजे या पद्धतीचा जन्म मैदानावरचा नाही, रंगमंचावरचा. फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर १८६९ साली टास्मानियात जन्मला. शेक्सपिअरचे उतारे रंगवून म्हणायचे, हा त्याचा पेशा. म्हणता म्हणता घसा बसू लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांतीने आवाज सुटे, पण रंगमंचावर उभा राहिला की पुन्हा घोगरा. मग आपण बोलताना काहीतरी करत असणार, असा तर्क करून तो आरशासमोर उभा राहिला. म्हणायला सुरुवात करताच डोकं मागे खेचलं जातं, स्वरयंत्र खाली दाबलं जातं आणि तोंडाने धाप टाकावी तसा श्वास ओढला जातो, हे त्याला दिसलं.

इथवर कुणीही पोचला असता. पुढची गोष्ट जास्त मोलाची आहे. दोष कळल्यावर त्याने डोकं पुढे आणि वर न्यायचा प्रयत्न केला. नेलंय असं त्याला पक्कं वाटलंही. खात्रीसाठी बाजूला आणखी आरसे लावले, तर डोकं जिथल्या तिथे, मागेच! म्हणजे अंगाला जे 'सरळ' वाटतं ते सवयीचं असतं, सरळ असेलच असं नाही. म्हणून त्याने दुरुस्ती करणं सोडलं आणि आधी थांबायला शिकला. बोलायची इच्छा झाली की लगेच बोलायचं नाही, सवयीला आवर घालायचा, मानेला मोकळं राहायची सूचना मनातल्या मनात द्यायची, मग हवं तर बोलायचं. फळावर डोळा ठेवून धडपडणं हा त्याच्या लेखी मूळ रोग होता. घड्याळातल्या 'पेस'कडे, म्हणजे वेगाच्या आकड्याकडे बघत शेवटचे दोन किलोमीटर दात-ओठ खाऊन धावणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९०४ साली तो लंडनला आला. १९१० च्या पहिल्याच पुस्तकात त्याने त्या काळच्या व्यायामाच्या कवायतींवर कोरडे ओढले. आपल्या शाळेतलं 'छाती बाहेर, पोट आत' आठवा. त्याचा राग अशाच आज्ञांवर होता. नाटककार बर्नार्ड शॉ, अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई असे शिष्य त्याला मिळाले. शारीरिक शिक्षणातले लोकही मग गप्प बसले नाहीत. दक्षिण आफ्रिकेतले तज्ज्ञ अर्न्स्ट योक्ल यांनी १९४४ मध्ये त्याला भोंदू ठरवणारा लेख लिहिला. अलेक्झांडरने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९४८ मध्ये १,००० पौंडांची भरपाई मिळवली. खटला जिंकला म्हणून पद्धत शास्त्रशुद्ध ठरत नाही, हे वेगळं. हेच योक्ल पुढे अमेरिकेत क्रीडावैद्यकाच्या संस्थापकांत गणले गेले. या पद्धतीला संगीत आणि नाट्य विद्यालयांत जागा मिळाली, धावपट्टीवर तितकी नाही, यामागे या जुन्या वैराचाही थोडा हात असावा, असं मला वाटतं.

१९७३ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निकोलास टिनबर्गन यांनी नोबेल व्याख्यानाचा मोठा भाग अलेक्झांडरवर खर्च केला, तेव्हा विषय पुन्हा चर्चेत आला. अमेरिकेत जॉगिंगची लाट उसळली तीही याच दशकात, आणि तिच्यामागोमाग गुडघेदुखीही. दुखऱ्या गुडघ्यातूनच हालचाली सुधारण्याची आपली वेगळी पद्धत उभी करणारे मोशे फेल्डेनक्राइस तेव्हा अमेरिकेत शिक्षक घडवत होते. अलेक्झांडर पद्धत थेट धावपटूंसमोर मांडण्याचं काम पुढे कॅनडातले प्रशिक्षक माल्कम बाल्क यांनी नेटाने केलं. 'पोझ' किंवा 'ची रनिंग' या धावण्याच्या तंत्रांशी तिची गल्लत होते. त्या पद्धती पाऊल कसं पडावं, अंग किती झुकावं हे सांगतात. इथे आधी विचारतात, 'तू आत्ता नेमकं काय करतो आहेस?' चार-पाच किलोचं डोकं मागे खेचलं की पाठ आखडते, पावलं जड होतात. त्यामुळे पायाआधी मानेकडे पाहायचं.

पुरावा किती? २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवरचा अभ्यास आला आणि २४ धडे घेतलेल्यांना स्पष्ट आराम पडल्याचं दिसलं. पण ती पाठदुखी होती, धावणं नव्हे. उलट २००९ मधल्या एका जर्मन प्रयोगात सरावलेल्या धावपटूंना ट्रेडमिलवर कधी श्वासाकडे, कधी हालचालीकडे, तर कधी आजूबाजूच्या दृश्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. दृश्याकडे लक्ष असताना ऑक्सिजन सर्वांत कमी लागला. पद्धतीच्या मुळावरच घाव वाटावा असा हा निकाल. मात्र 'एकाग्रता' हा शब्द खुद्द अलेक्झांडरलाही आवडत नसे. जाणते शिक्षक आजही डोळे मिटून आत बघायला सांगत नाहीत. मधूनमधून मान सैल आहे का एवढं बघायचं, आणि नजर परत रस्त्यावर.