बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं

पाण्याने आणि आत्म्याने नव्याने जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला सांगतो (योहान 3:5). निकदेम जाणता माणूस होता, त्याने उलट प्रश्न तरी विचारले. पण जन्मून तासाभरात गेलेल्या बाळाचं काय? कॅथलिक चर्च या प्रश्नाशी सोळाशे वर्षं झगडत राहिलं आणि त्याची झळ आईबापांना बसली.

पाचव्या शतकात मूळपाप नाकारणाऱ्या पेलॅजियस या धर्मोपदेशकाच्या मतांचं खंडन करताना संत ऑगस्टीनने ठाम भूमिका घेतली. मूळपाप, म्हणजे आदामाकडून वारशाने आलेलं पाप, जन्माबरोबरच येतं आणि बाप्तिस्म्यानेच धुतलं जातं, म्हणून बाप्तिस्मा न झालेलं अर्भकही दंडाला पात्र. हा दंड सर्वांत सौम्य, एवढीच सवलत. बाराव्या शतकात फ्रेंच धर्मपंडित आबेलारने ती शिक्षा देवदर्शनाला मुकण्यापुरती मर्यादित केली. पुढे तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनसने या बाळांना कसल्याच यातना नसतात, असं मांडलं. त्यांच्या जागेला नाव पडलं लिंबो. लॅटिन 'लिंबुस' म्हणजे कड, किनार. चर्चने लिंबोला कधीच श्रद्धेचा बंधनकारक सिद्धान्त केलं नाही, पण घरोघरी तो सिद्धान्तासारखाच मानला गेला.

बाळाच्या जिवावर बेतलं तर सुईणही बाप्तिस्मा देऊ शकत असे, पण बाळ जिवंत हवं. स्वित्झर्लंडमधल्या ओबरब्यूरनच्या तीर्थस्थानी पंधराव्या शतकात लोक मृत जन्मलेली बाळं घेऊन येत. तिथे त्या देहाला जळते निखारे आणि मेणबत्त्यांची ऊब देत आणि ओठांवर पीस ठेवत. उबेने पीस जरा हललं की श्वास आला असं मानून लगेच बाप्तिस्मा आणि मग दफन. 1486मध्ये कॉन्स्टान्सच्या बिशपांनी या प्रथेविरुद्ध तक्रार केली, तेव्हा अशा बाळांचा आकडा 2000वर गेल्याचं लिहिलं होतं. 1990च्या दशकातल्या उत्खननात तिथे सुमारे 250 अर्भकांचे सांगाडे मिळाले. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणं मला जमत नाही. ते पीस हलावं म्हणून डोळ्यांत प्राण आणून बसलेले आईबापच मला दिसतात.

आयर्लंडमध्ये तर विसाव्या शतकापर्यंत बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना पवित्र दफनभूमीत जागा नव्हती. बाप रात्रीच्या अंधारात बाळाला शेताच्या बांधावर, समुद्रकाठी किंवा पडक्या चर्चच्या आवारात पुरून येई. या जागांना 'किलीन' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी खूण म्हणून नाव नसलेला धोंडा, कुठे पांढऱ्या गारगोट्या.

प्रोटेस्टंटांनी लिंबो नाकारला. कॅथलिकांमध्ये बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65मधली चर्चची सुधारणा परिषद) आला. 1969च्या अंत्यविधीत अशा बाळांसाठी प्रार्थना आली, 1992च्या धर्मशिक्षणग्रंथाने त्यांना देवाच्या दयेवर सोपवलं. त्यात लिंबोचं नावही नाही. 2007मध्ये पोप सोळाव्या बेनेडिक्ट यांच्या संमतीने निघालेल्या दस्तऐवजात या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं म्हटलं. मात्र ही आशाच, खात्रीचं ज्ञान नव्हे, हेही नोंदवलं.

आयर्लंडमधल्या अनेक किलीनांवर आता धर्मगुरू येऊन आशीर्वाद देतात आणि गावकरी स्मृतिशिळा बसवतात.