विस्तारणाचा गुणक

विस्तारणाचा गुणक : एक स्थिर बिंदू केंद्र धरून एखादी आकृती ठरावीक पटीने मोठी किंवा लहान केली, तर ती पट सांगणारी संख्या. यालाच स्केल फॅक्टर असेही म्हणतात. आकृती लहान झाली तरी त्या क्रियेला भूमितीत विस्तारणच म्हटले जाते. गुणक ० आणि १ यांच्या दरम्यान असेल तर आकृती आक्रसते, १ पेक्षा मोठा असेल तर वाढते. ऋण असेल तर ती केंद्राच्या पलीकडच्या बाजूला उलटून, म्हणजे १८० अंशांतून फिरून पडते. ० हा गुणक घेत नाहीत, कारण मग सारी आकृती केंद्रातच गडप होते.

केंद्राचे निर्देशक (त, थ) आणि गुणक ग असेल, तर (क्ष, य) या बिंदूची प्रतिमा (क्ष′, य′) अशी मिळते : क्ष′ = त + ग(क्ष − त), य′ = थ + ग(य − थ). केंद्रापासून बिंदू जितका उजवीकडे आणि जितका वर आहे, ती दोन्ही अंतरे ग पट करायची, एवढेच या सूत्रात आहे. केंद्र आरंभबिंदूवर असेल तर त आणि थ दोन्ही शून्य होतात आणि (४, २) ची प्रतिमा (८, ४) आली की गुणक २, असे लगेच सांगता येते.

नेमक्या याच सोपेपणामुळे पुढे घोटाळा होतो. केंद्र (२, १) असताना (४, २) ची प्रतिमा (८, ४) आली, तर गुणक किती? निर्देशकांना निर्देशकांनी भागले तर क्ष कडून २ येतात, य कडूनही २ येतात. दोन्ही उत्तरे जुळली म्हणून शंकासुद्धा येत नाही. पण केंद्रापासून मोजले तर (८ − २)/(४ − २) = ३ आणि (४ − १)/(२ − १) = ३. गुणक ३ आहे. आरंभबिंदू, केंद्र, बिंदू आणि प्रतिमा हे चारही इथे एका रेषेत असल्यामुळे चुकीची रीतही सुसंगत वाटते. बिंदू आणि प्रतिमा अशी एकच जोडी दिलेली असेल, तर केंद्र कळल्याशिवाय गुणक ठरतच नाही.

दोन जोड्या हाती आल्या की मात्र केंद्राची गरज उरत नाही, आणि गुणक काढण्याची सर्वांत भरवशाची रीत इथेच सापडते. वरच्या विस्तारणात (३, ५) हा दुसरा बिंदू घेतला तर त्याची प्रतिमा (५, १३) येते. आता मूळ दोन बिंदूंमधला फरक पाहू : ३ − ४ = −१ आणि ५ − २ = ३. प्रतिमांमधला फरक : ५ − ८ = −३ आणि १३ − ४ = ९. भागाकार दोन्हीकडून ३. वजाबाकी करताना केंद्राचे निर्देशक आपोआप निघून जातात, म्हणून केंद्र कुठेही असले तरी फरकांचे गुणोत्तर बदलत नाही. गुणक मिळाल्यावर केंद्रही शोधता येते : प्रतिमेच्या निर्देशकातून मूळ निर्देशकाची ग पट वजा करायची आणि (१ − ग) ने भागायचे. इथे (८ − १२)/(−२) = २ आणि (४ − ६)/(−२) = १, म्हणजे (२, १). विद्यार्थ्याने एकच रीत लक्षात ठेवायची असेल, तर ती फरकांची ठेवावी.

भागताना छेद शून्य आला, म्हणजे दोन्ही बिंदू एकाच उभ्या किंवा आडव्या रेषेवर असले, तर दुसऱ्या निर्देशकाचे फरक घ्यावेत. क्ष कडून एक गुणोत्तर आणि य कडून वेगळेच आले, तर दिलेले रूपांतर विस्तारण नाही किंवा शिरोबिंदूंची संगती चुकीची लावली आहे. विस्तारणात प्रत्येक बाजू तिच्या प्रतिमेला समांतर राहते (केंद्रातून जाणारी बाजू त्याच रेषेवर राहते), ही कसोटी आलेखावर पट्टी ठेवूनही पाहता येते.

अंतराच्या सूत्राने बाजूंच्या लांबी काढून भागाकार केला तरी चालते, पण त्यातून गुणकाचे केवळ केवल मूल्य मिळते. चिन्ह हरवते, कारण लांबी कधी ऋण नसते. क्षेत्रफळांचे गुणोत्तर तर गुणकाच्या वर्गाइतके असते : क्षेत्रफळ ९ पट झाले असेल तर गुणक ३ असेल किंवा −३. नकाशावरचे प्रमाण वाचतानाही या वर्गाचा विसर पडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर, पण १ चौरस सेंटीमीटर म्हणजे पाव चौरस किलोमीटर.

महाराष्ट्रातल्या दहावीच्या भूमितीत विस्तारण हे नाव न घेता विस्तारणच केले जाते. दिलेल्या त्रिकोणाशी समरूप आणि एक शिरोबिंदू सामाईक असलेला त्रिकोण काढण्याची जी रचना आहे, तिच्यात तो सामाईक शिरोबिंदू म्हणजे केंद्र. मूळ बाजूचे नव्या बाजूशी गुणोत्तर ५ : ३ दिले असेल तर गुणक ३/५ असतो, ५/३ नाही. मूळ आकृती छेदात, प्रतिमा अंशात. उलट दिशेने जायचे तर गुणक व्यस्त होतो.

एकामागून एक दोन विस्तारणे केली की गुणकांचा गुणाकार होतो. तो १ आला तर आकृती मूळ आकाराचीच राहते, पण केंद्रे वेगळी असतील तर ती जागेवर परतत नाही. आरंभबिंदूतून २ आणि मग (४, ० ) मधून १/२ गुणक लावा : (क्ष, य) आधी (२क्ष, २य) होतो आणि शेवटी (क्ष + २, य). म्हणजे आकृती दोन एकक उजवीकडे सरकते.

ऋण गुणकाचे सर्वांत सुंदर उदाहरण प्रत्येक त्रिकोणात दडलेले आहे. अ(०, ०), ब(१२, ०), क(३, ९) हा त्रिकोण घ्या. त्याचा मध्यगासंपात, म्हणजे शिरोबिंदू आणि समोरच्या बाजूचा मध्य जोडणाऱ्या तिन्ही रेषा मिळतात तो बिंदू, (५, ३). बाजू बक चा मध्य (७.५, ४.५). मध्यगासंपातापासून मोजले तर अ कडून या मध्याकडे जाताना (७.५ − ५)/(० − ५) = −१/२ आणि (४.५ − ३)/(० − ३) = −१/२. उरलेल्या दोन शिरोबिंदूंचेही तसेच. बाजूंचे मध्य जोडून होणारा छोटा त्रिकोण म्हणजे मूळ त्रिकोणाची, मध्यगासंपातातून −१/२ गुणकाने झालेली प्रतिमा.

त्यामुळे मूळ त्रिकोणाचा लंबसंपात (शिरोबिंदूंतून समोरच्या बाजूंवर टाकलेले लंब, म्हणजे शिरोलंब, मिळतात तो बिंदू) छोट्या त्रिकोणाच्या लंबसंपातावर जायला हवा. छोट्या त्रिकोणाचे शिरोलंब हे मोठ्या त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजकच असतात, म्हणजे त्याचा लंबसंपात हे मोठ्याचे परिकेंद्र (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचे केंद्र). आपल्या त्रिकोणात लंबसंपात (३, ३) आणि परिकेंद्र (६, ३) : (६ − ५)/(३ − ५) = −१/२. य कडून इथे शून्य भागिले शून्य येते, म्हणून क्ष वापरला. लंबसंपात, मध्यगासंपात आणि परिकेंद्र एका रेषेत असतात आणि मधला बिंदू त्या रेषाखंडाला २ : १ मध्ये विभागतो, हे अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवले. ती रेषा त्याच्याच नावाने ओळखली जाते. समभुज त्रिकोणात हे तिन्ही बिंदू एकच असल्यामुळे अशी रेषा ठरत नाही.