उदासिनीकरण उष्णता : मापन

तीव्र आम्ल व तीव्र अल्क यांच्या विरल द्रावणांतून एक मोल (सुमारे 18 ग्रॅम) पाणी तयार होताना बाहेर पडणारी उष्णता. पाठ्यपुस्तकांत तिचे मूल्य 57.3 किलोज्यूल असते. हायड्रोक्लोरिकऐवजी नायट्रिक आम्ल घेतले, तरी आकडा जवळपास तोच येतो.

या स्थिरतेच्या शोधाचे श्रेय एकट्याला देणे कठीण आहे. सेंट पीटर्सबर्गच्या हेस यांनी 1840 मध्ये सल्फ्युरिक आम्ल कमी-अधिक विरल करून अमोनियाने उदासीन केले; विरलन व उदासिनीकरण या दोन्ही उष्णतांची बेरीज प्रत्येक वेळी सारखीच भरली. बेलफास्टच्या अँड्र्यूज यांनी 1841 च्या सुमारास, ही उष्णता आम्लावर नव्हे तर अल्कावर ठरते, असे मांडले. पुढे कोपनहेगनच्या टॉमसन यांची मापने (सुमारे 13.7 किलोकॅलरी) दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. अग्रक्रम बहुधा हेस यांचाच. कारणमीमांसा मात्र आर्हेनियस यांच्या 1887 च्या आयन-सिद्धांतानेच झाली : तीव्र आम्ल-अल्क कोणतेही असोत, हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांपासून (विद्युतभारित कणांपासून) पाणी होणे एवढीच खरी अभिक्रिया. सौम्य हायड्रोसायनिक आम्लात मात्र ही उष्णता सुमारे 12 किलोज्यूलच भरते, कारण बरीचशी आम्लाचे आयन सुटे करण्यात खर्च होते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल सौम्य असूनही 68 च्या आसपास जाते, कारण फ्लुओराइड आयन पाण्याला घट्ट धरून ठेवतो.

एक मोलर (लिटरला एक मोल) आम्ल व अल्क प्रत्येकी 50 मिलिलिटर मिसळले, तर तापमान सुमारे 6.8 अंशांनी चढायला हवे. येथे एक गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते : 57.3 हे मूल्य 18-20 अंश सेल्सिअसचे आहे. 25 अंशांना ते 55.8, तर 40 अंशांना 53 च्या जवळ येते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत केलेला प्रयोग 53 दाखवत असेल, तर तो फसला म्हणता येत नाही. अर्थात हा फरक तापमापीवर जेमतेम अर्ध्या अंशाचा. एकेक अंशाच्या खुणा असलेल्या तापमापीवर तो निसटतो.

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी द्रावणासाठी वापरू नये. त्यातील बायकार्बोनेट आम्लाचा काही भाग खाते आणि त्या अभिक्रियेत उष्णता नगण्य निघते. ऊर्ध्वपातित पाणी गावात बॅटरीच्या दुकानात मिळते. अल्क म्हणून घ्यायच्या कॉस्टिक सोड्याची बरणी उघडी राहिली की गोळ्या हवेतील ओल व कार्बन डायऑक्साइड शोषतात. पावसाळ्यात तर त्या ओघळू लागतात. शिवाय सोडा विरघळतानाच द्रावण तापते, म्हणून दोन्ही द्रावणे एका तापमानाला आल्याखेरीज मिसळू नयेत.

उष्णता निसटू नये म्हणून मिश्रणासाठी वापरायचे थर्माकोलचे पेले 2018 च्या राज्यव्यापी बंदीनंतर दुर्मीळ झाले. चंचुपात्र कापसात दाबून बसवले तरी भागते, कापसाला तर इथे तोटा नाही. मात्र 50 ग्रॅमची काच दर अंशाला सुमारे 40 ज्यूल उष्णता घेते, द्रावण 418. ही काच हिशेबात धरली नाही, तर उत्तर जवळपास नऊ टक्क्यांनी कमी येते.