गाडीचा एसी गार हवा देईना? गॅस मारायच्या आधी एवढं बघा

एप्रिल लागला की निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर कुठल्याही गॅरेजात जा, एसीच्या तक्रारीची एखादी गाडी उभी असतेच आणि बोनेट उघडायच्या आधीच ऐकायला मिळतं, "गॅस संपलाय काका, मारून देऊ काय?" आपणही घामाघूम झालेलो असतो, होय म्हणून टाकतो, काही आठवडे गार हवा येते आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद पाइपांत गोल गोल फिरत असतो. रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षात थोडासा झिरपतो हे मान्य, पण एकाच उन्हाळ्यात एसी गार करायचा थांबला तर एकतर मोठं लीकेज आहे नाहीतर गॅसचा काही संबंधच नाही, कारण दुसरीकडे आहे.

आत काय चालतं ते आधी समजून घेऊ. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो, काही नव्या मॉडेलमध्ये आर-१२३४वायएफ. आर-१३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशालाच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबला की तो तापतो, मग समोरच्या जाळीमागं जो कंडेन्सर असतो तिथं हवा लागून त्याचा द्रव होतो, पुढं एक्सपान्शन वाल्व्हच्या बारीक भोकातून सुटला की दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळायला लागतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून ओढून घेतो. मिस्त्री दाब मोजायचा गेज लावतो तेव्हा चालू एसीत निळ्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या गेजवर ३० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास दिसतं ना, त्या दाबाला हा गॅस साधारण १-२ अंशाला उकळतो, आणि लाल, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूच्या गेजवर २०० दिसले तर तिथं तो ५४ अंशाच्या आसपास द्रव होत असतो. अथणीत बाहेर ४० अंश असले तरी कंडेन्सर त्याहून गरम असतो, म्हणून तर आतली उष्णता बाहेर फेकता येते.

आता मुद्द्याचं. एसी बंद पडतो तेव्हा पुष्कळदा तो बिघडलेला नसतो, गाडीनं स्वतःच त्याला थांबवलेलं असतं. गॅसचा दाब २ बारच्या (बार हे दाबाचंच दुसरं माप) आसपास खाली गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही, कारण कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं आणि गॅस नाही म्हणजे ऑइल नाही, मग कॉम्प्रेसर जाम. दाब फार वर गेला, ३० बारच्या आसपास, तरी तेच. इंजिन जास्त तापलं की एसी कट. आणि छोट्या इंजिनच्या बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थोडा वेळ एसी कट, म्हणजे सगळी ताकद चाकांना मिळावी. केरीकडून चोर्ला घाट चढताना मध्येच हवा कोमट झाली आणि कणकुंबीच्या पुढं आपोआप गार झाली तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, फक्त त्या वेळी टेंपरेचरचा काटा तेवढा बघा, तो वर चढत असेल तर मात्र आधी कूलंटचा प्रॉब्लेम सोडवा.

बिघाड कुठंय हे गाडी कधी आणि कुठं गरम हवा देते त्यावरून बरंच कळतं. हायवेवर मस्त गार पण चन्नम्मा सर्कलला सिग्नलवर थांबलं की कोमट, असं असेल तर गॅस नव्हे, कंडेन्सरचा पंखा बघा. पळताना हवा आपोआप लागते, थांबल्यावर पंखाच लागतो. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरायला पाहिजे. आणि कंडेन्सरवर काय साचलंय तेही बघा, आपल्याकडं साखर कारखान्यांच्या सीझनमध्ये उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी चालवली की पाला, भुसा, किडे, वर खानापूर भागातली तांबडी माती असा थर जाळीत बसतो. साध्या पाइपच्या पाण्यानं हळू धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारला तर बारीक पत्र्या वाकतात आणि हवा जायची वाटच बंद होते.

दुसरा प्रकार पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबी भागात दिसतो. सुरुवातीला गार, मग तासाभरानं हवेचा जोरच कमी होतो, ब्लोअर चारवर असूनही फुंकर मारल्यासारखी हवा येते. इथं कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो. दमट हवेतलं पाणी कॉइलवर जमतं, एरवी ते गाडीखाली टपटप गळून जातं, पण कॉइल शून्याच्या खाली गेली की तेच पाणी गोठून हवेची वाट अडवतं. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर १५ मिनिटं चालवा, गाडीखाली पाणी पडलं आणि जोर परत आला तर निदान पक्कं. कारण बहुतेकदा कचऱ्यानं भरलेला केबिन फिल्टर, किंवा कॉइलचा टेंपरेचर सेन्सर, किंवा थोडा कमी झालेला गॅस. फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागंच असतो, पाच मिनिटांचं काम आहे, नवा बसवताना त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेनं ठेवा एवढंच.

हवा अजिबातच गार होत नसेल तर बोनेट उघडून कॉम्प्रेसरकडं नीट बघा, पण बाही, ओढणी, हात पट्ट्यापासून लांब ठेवून. पुली तर इंजिनबरोबर फिरतच असते, पण तिच्या पुढची चकती एसी लावल्यावरच 'टक' आवाज करून फिरायला लागते, तो क्लच. चकती स्थिर राहिली तर करंट येत नाही किंवा गाडीनं परवानगी दिलेली नाही. दर काही सेकंदाला टक-टक करून लागतो-सुटतो असं झालं तर गॅस कमी असण्याचा संशय घ्यायला जागा आहे. काही गाड्यांत क्लचच नसतो, त्यामुळं आवाज आला नाही म्हणून घाबरू नका. फ्यूज बघा, आणि एसीचा रिले (करंट चालू-बंद करणारी फ्यूज बॉक्समधली छोटी डबी) व हॉर्नचा रिले एकाच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, पण नंबर वाचूनच.

आता रिसेट. बॅटरीची निगेटिव्ह वायर १०-१५ मिनिटं काढून ठेवली की एसी चालू होतो असं बरेच जण सांगतात, आणि काही वेळा होतोही. का होतो ते कळलं पाहिजे. ऑटोमॅटिक एसीत गरम-थंड हवा मिसळणाऱ्या झडपा छोट्या मोटर फिरवतात आणि त्या कुठपर्यंत फिरतात हे कॉम्प्युटर लक्षात ठेवतो, ती नोंद चुकली तर एका बाजूला गार एका बाजूला गरम हवा किंवा डॅशबोर्डच्या मागं कट-कट आवाज येतो. करंट काढून परत दिला की बऱ्याच गाड्यांत त्या मोटर पुन्हा टोकापर्यंत फिरून नवी नोंद करतात, त्यामुळं इग्निशन ऑन केल्यावर दोनेक मिनिटं एसीच्या बटणांना हात लावू नका. काही मॉडेलला मात्र हे स्कॅनरनंच करावं लागतं. पण गॅस गळालेला असेल, पंखा जळालेला असेल, सेन्सर तुटलेला असेल तर रिसेट केल्यावर फक्त फॉल्ट कोड, म्हणजे कॉम्प्युटरनं बिघाडाची ठेवलेली नोंद, पुसला जातो, आणि गाडी चालली की परत येतो, उलट मिस्त्रीला जो पुरावा मिळाला असता तो तुम्ही घालवता. म्हणून आधी स्कॅनर लावून कोड लिहून घ्या, मग पुसा. वायर काढल्यावर म्युझिक सिस्टीम कोड मागू शकते, ऑटो खिडक्या परत शिकवाव्या लागतात हेही ध्यानात असू दे. गोल नॉब आणि केबलवाल्या साध्या एसीत रिसेट करायला काही नसतंच, तिथं हीटरची केबल सरकली का ते बघा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायरींना स्वतः हात लावायचाच नाही, तिथला कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो.

आणि खरंच गॅस भरायची वेळ आली तर? बंद गाडीला गेज लावून "दाब आहे, गॅस ठीक आहे" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. ३० अंशाच्या हवेत बंद गाडीत आर-१३४एचा दाब साधारण ९५ पीएसआय दाखवतो, आत पूर्ण गॅस असो की निम्मा, थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी आकडा तोच. म्हणून गॅस वजनावर भरायचा, किती ग्रॅम ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्याआधी लीकेज शोधायचं. गॅसबरोबर ऑइलही बाहेर येतं, त्यामुळं ज्या जॉइंटवर तेलकट काळी धूळ चिकटलीय तिथं साबणाचं पाणी लावून नायट्रोजनच्या दाबानं बुडबुडे येतात का ते बघायला सांगा. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं पाइपांतली हवा ओढून काढणं, त्यानं आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जातं, नाहीतर तेच पाणी वाल्व्हमध्ये गोठतं आणि आत ॲसिड तयार करतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, त्यामुळं इथं व्हॅक्यूमचा काटा २७ इंचाच्या आसपासच थांबतो, पणजीतल्या गॅरेजसारखा २९ च्या पुढं जात नाही, तेवढ्यासाठी पंपाला दोष देऊ नका. स्वयंपाकाचा गॅस मिसळलेलं स्वस्त काही घालून घेऊ नका, ते पेट घेतं. जुना गॅसही हवेत सोडू देऊ नका, मशीननं काढून घ्यायला सांगा, १०० वर्षांच्या हिशेबात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरतो, म्हणूनच तो कमी करत नेण्याच्या २०१६ च्या किगाली करारात आपला देशही २०२१ मध्ये सामील झाला.

काम झालं की गाडी सावलीत लावा, खिडक्या बंद, आतली हवा फिरवणारं बटण चालू, आणि डॅशबोर्डवरच्या हवा येणाऱ्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचून दहा मिनिटं थांबा. ५ ते १० अंश दिसले तर बरोबर आहे, जास्त दमट दिवस असेल तर दोन-चार अंश वर चालतील. तो आकडा, त्या दिवशीचं बाहेरचं तापमान आणि किती ग्रॅम गॅस भरला ते सर्व्हिस बुकात लिहून ठेवा, पुढच्या मार्चमध्ये परत मोजलं की गळती थांबली की नाही ते कोणाला विचारायची गरज पडत नाही.