रेंज गेली तरी उपग्रह बोलतच असतात

तवसाळच्या जेटीवर जयगडच्या फेरीबोटीची वाट बघत उभा होतो. श्रावणातली दुपार, पाऊस नुकताच उघडलेला. मागून चिखलाने माखलेल्या दोन मोटारसायकली आल्या. पुण्याहून गणपतीपुळ्याला निघालेली मुलं होती. हेदवीच्या मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तासभर फिरून एकाच तिठ्यावर तीनदा आलो, म्हणाली. "नेट गेलं ना दादा. नेटच नाही तर जीपीएस कसं चालणार? नुसता बाण गरगर फिरत होता." शेजारी जाळं सोडवत बसलेले आजोबा म्हणाले, "चकवा लागला तुम्हांला. त्या सड्यावर लागतोच." मग एकाने मला विचारलं, "कमी पैशात, पण घाटात दगा न देणारं जीपीएस कुठलं घ्यावं?"

बोट येईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे लिहितो, कारण हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्या मागे तोच गैरसमज असतो.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. मोबाइलचा टॉवर लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे तीसेक उपग्रह अखंड बोलत असतात आणि आपला फोन फक्त ऐकत असतो. रत्नागिरी आकाशवाणीला कुठल्या घरात ट्रान्झिस्टर लागलाय हे कळत नाही, तसंच उपग्रहांनाही आपण कुठे आहोत हे ठाऊक नसतं. ते दोनच गोष्टी सांगतात : आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. बाकीचं सगळं गणित आपल्या खिशात होतं.

ते गणित मला मनापासून आवडतं. उपग्रहाने सांगितलेली वेळ आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला हे कळलं की त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचं, अंतर मिळालं. अशी तीन अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी. पण उपग्रहात आण्विक घड्याळ असतं आणि फोनमध्ये साधं क्वार्ट्झचं. फोनचं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं, म्हणजे आपण जेटीवर असताना नकाशा आपल्याला खाडीत उभं करतो. म्हणून चौथा उपग्रह लागतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि 'माझं घड्याळ किती चुकलंय' अशी चार अज्ञातं, म्हणून चार समीकरणं. शाळेत आपण दोन अज्ञातांची एकसामयिक समीकरणं सोडवली, त्यांचंच हे मोठं भावंड. याचा एक सुंदर परिणाम असा की साध्या फोनला उत्तराबरोबर जवळजवळ आण्विक घड्याळाइतकी अचूक वेळ फुकट मिळते.

आता हे ऐकायचं कसं? उपग्रहाचा आवाज जमिनीवर पोचेपर्यंत कमालीचा क्षीण झालेला असतो. एका वॅटचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करा, साधारण तेवढी शक्ती. आजूबाजूच्या रेडिओ-कुजबुजीच्याही खाली तो दबलेला असतो. शिवाय जीपीएसचे सगळे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झ या एकाच वारंवारितेवर एकदम बोलतात. मात्र प्रत्येकाचा १०२३ ठोक्यांचा स्वतःचा ठेका आहे आणि तो दर मिलिसेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शिमग्यात दोन गावांच्या पालख्या भेटतात तेव्हा दोन्हीकडचे ढोल एकाच वेळी वाजत असतात, तरी आपल्या गावचा ठेका आपला कान बरोबर वेगळा काढतो. फोनला सगळ्या उपग्रहांचे ठेके पाठ असतात. मनातला ठेका थोडा थोडा सरकवत तो ऐकू येणाऱ्या गोंगाटाशी जुळवून बघतो. जुळला की उपग्रह सापडला आणि किती सरकवावा लागला त्यावरून उशीर कळला. त्यातच उपग्रह वेगाने फिरत असल्यामुळे वारंवारिता किंचित वरखाली होते, तीही शोधावी लागते. म्हणजे हा शोध दोन दिशांनी चालतो.

ठेका सापडला तरी उपग्रह नेमका कुठे आहे ते कळायला त्याचा निरोप ऐकावा लागतो, आणि हा निरोप फार सावकाश येतो : सेकंदाला ५० बिट. पूर्ण चौकट १५०० बिटांची, म्हणजे ३० सेकंदांची. उपग्रहाच्या कक्षेचा तपशील पहिल्या १८ सेकंदांत येतो. तेवढ्यात डोंगराचा कडा किंवा आंब्या-फणसाची दाट राई आडवी आली, तर हुकलेला भाग पुढच्या चौकटीत पुन्हा येईपर्यंत थांबायचं. असा निरोप किमान चार उपग्रहांकडून हवा. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पुरं यायला तर साडेबारा मिनिटं लागतात.

मुलांचा अनुभव इथेच उलगडतो. फोनला नेट असतं तेव्हा कक्षेचा हाच तपशील तो सर्व्हरवरून क्षणात उतरवून घेतो, उपग्रहाच्या संथ निरोपासाठी थांबत नाही. म्हणून एरवी ठिपका लगेच उमटतो. घाटात शिरल्यावर, रेंज नसताना, चालत्या गाडीवर जीपीएस सुरू केलं तर फोनला तोच निरोप तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावा लागतो आणि प्रत्येक वळणावर तो तुटतो. आपल्याला वाटतं, नेट नाही म्हणून जीपीएस बंद. त्यात भर म्हणजे नकाशाची चित्रं नेटवरून येत असतात, त्यामुळे ठिपका असला तरी मागे कोरी पाटी दिसते.

उपाय साधा आहे. नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि निघण्यापूर्वी मोकळ्या आकाशाखाली जीपीएस चालू करून दोन-तीन मिनिटं फोन स्थिर ठेवा. एकदा मिळालेला कक्षेचा तपशील साधारण चार तास कामाला येतो. जेटीवर आम्ही तेच केलं. एका मुलाच्या फोनमधलं नेट पूर्ण बंद केलं, आणि मिनिटभराने तवसाळच्या किनाऱ्यावर निळा ठिपका उमटला.

ढगांनी जीपीएस अडतं हाही असाच एक समज. या लहरींची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते, पावसाचे थेंब त्यांना फारसे अडवू शकत नाहीत. पाण्याने निथळणारी दाट पानं मात्र सिग्नल शोषतात. घाटातले कातळकडे तो अडवतात आणि शिवाय परावर्तितही करतात. करूळ किंवा आंबोली घाटात ठिपका वरच्या वळणावरून खालच्या वळणावर उडी मारतो तो या प्रतिध्वनीमुळे. १५७५.४२ मेगाहर्ट्झवरच्या जुन्या ठेक्यातला एक ठोका हवेत जवळजवळ २९३ मीटर लांब असतो, त्यामुळे खरा आवाज आणि शंभर मीटर वळसा घालून आलेला प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या नव्या सिग्नलमध्ये, ज्याला एल-५ म्हणतात, ठोका फक्त २९ मीटरांचा आहे, म्हणून प्रतिध्वनी वेगळा ओळखता येतो. कोकणातल्या रायडरने पैसे मोजायचेच असतील तर एल-५ ऐकणाऱ्या फोनसाठी मोजावेत. अँड्रॉइड फोनवर 'जीपीएसटेस्ट' नावाचं मोफत अॅप कुठले उपग्रह कुठल्या वारंवारितेवर ऐकू येताहेत ते दाखवतं. घ्यायचा तो फोन मित्राकडे असेल तर आधी त्यावर बघून घ्या.

आपल्या नाविकबद्दल, म्हणजे जागा दाखवणाऱ्या भारतीय उपग्रह-प्रणालीबद्दल, व्हॉट्सअॅपवर फिरणारे निरोप वाचून मला वाईट वाटतं. 'इंटरनेटशिवाय चालणारं भारतीय जीपीएस' हे कौतुक चुकीच्या गोष्टीचं आहे, कारण नेटशिवाय सगळ्याच प्रणाली चालतात. नाविकचे उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवरून सतत आपल्या भागावर नजर ठेवतात, काही आकाशात बरेच वर राहतात आणि घाटात त्याचा फायदा होतो, हे खरं कौतुक. २०२३ मध्ये सोडलेल्या नाविकच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहामध्ये स्वदेशी रुबिडियम घड्याळ आहे, हेही अभिमानाचं. पण पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांची आण्विक घड्याळं बंद पडली आहेत, त्यामुळे नाविक जीपीएसच्या जोडीने वापरावं, एकट्याच्या भरवशावर नाही.

आणि चकवा? आजोबांचा मान राखून मुलांना सांगितलं की बाणाला चकवा लागला होता, पण तो लोहचुंबकाचा. जीपीएसला दिशा कळते ती आपण हलत असताना. गाडी उभी राहिली की फोन आतल्या होकायंत्राकडे वळतो, आणि हँडलचं लोखंड किंवा चुंबकाचा होल्डर त्याला भरकटवतो. दहा पावलं चालवा, बाण सरळ होतो. माणसाचंही तसंच. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना जंगलात सरळ चालायला सांगितलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना सूर्य दिसत होता ते जवळजवळ सरळ चालले, ढगाळ दिवशी चाललेले मात्र गोल फिरले आणि त्यातल्या काहींनी नकळत स्वतःचीच वाट ओलांडली. धुक्यातल्या सड्यावर खूण दिसेनाशी झाली की आपलंही हेच होतं. रात्री वाट चुकलेल्या माणसाला चकव्याची भीती घालण्यापेक्षा हे सांगितलेलं बरं, कारण घाबरलेला माणूस दरीकडेही धावतो.

आता खरेदी. जाहिरातीत स्वस्त 'बाइक जीपीएस' दिसतं ते बहुतेक वेळा ट्रॅकर असतं. गाडी कुठे आहे ते सिमकार्डवरून घरी कळवतं, वाट दाखवत नाही. रॉयल एनफिल्डच्या ट्रिपरसारखा गोल पडदा वळणं दाखवतो, पण जागा फोनच शोधतो. बाइकसाठी बनवलेली खास यंत्रं उत्तम असतात, किंमत मात्र चांगल्या फोनइतकी किंवा जास्त. म्हणून माझा सल्ला : घरातला जुना, सिम नसलेला फोन हँडलला लावा, त्यावर 'ओसमअँड' किंवा 'ऑरगॅनिक मॅप्स' टाका आणि आपल्या भागाचा नकाशा उतरवा. नवा महाग फोन हँडलला लावू नका. मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपलने २०२१ मध्येच दिला आहे. लावायचाच तर कंपन शोषणारा होल्डर घ्या.

पावसात काचेवर पडलेला थेंबही पडद्याला बोटासारखा वाटतो, म्हणून वाट आधीच ठरवून पडदा लॉक करा. फोन पाण्यात किती टिकतो ते सांगणारं आयपी-६७ हे मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ती चाचणी गोड्या पाण्यातली. फेरीबोटीवर उडणारं खारं पाणी चार्जिंगच्या भोकात गेलं तर टोकं गंजतात. घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने फोन पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

बोट लागत होती तेव्हा मुलांनी नकाशात मालगुंड टाकलं, तर अॅपने संपूर्ण जयगड खाडीला वळसा घालणारा रस्ता दाखवला. 'फेरी टाळा' ही खूण चालू राहिली होती. ती काढल्यावर निळी रेघ समोरच्या पाण्यावरून सरळ पलीकडे गेली, आणि आम्ही गाड्या बोटीवर चढवल्या.